शीळफाटा रिडिम

१

जिना चढून मी वर गेलो तेव्हा माझा केदार त्याच्या दोस्ताच्या, संदेशच्या, मांडीवर होता आणि त्याचं डोकं मागून फुटलेलं होतं. संदेशच्या पांढऱ्या शर्टाचा पुढचा भाग लाल झालेला. शेजारी माइकचा लोखंडी स्टँड आडवा पडलेला, त्याच्या तव्यासारख्या जड बुडाला केस चिकटलेले. माझ्या पोराचे केस.

"काका, गाडी बोलवा! लवकर! अजून गरम आहे हा!" संदेश ओरडला.

गरम आहे म्हणाला, जिवंत आहे म्हणाला नाही. तेवढंच माझ्या डोक्यात घुसलं.

मी काळुराम केणे. शीळफाट्यापासून चालत पंधरा मिनिटांवर आमचं गाव. चाळीस वर्षं बँजो पार्टीत ढोल वाजवला, ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत एक हळद सोडली नाही. त्या दिवशीसुद्धा माजिवड्याची हळद वाजवून सव्वाचारला घरी आलेलो, हातात ढोलाची काठी तशीच होती. माझं डोकं तापट, हे सगळ्या गावाला माहीत आहे. बायको होती तोवर ती आवरायची. ती जाऊन सहा वर्षं झाली.

मागून जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. माझा पुतण्या सर्वेश वर आला, आत बघितलं आणि तिथेच किंचाळला, "काका, ह्यानेच! परवा नाक्यावर बोललेला ना हा, डोकं फोडीन म्हणून! सगळ्या गावाने ऐकलंय!"

ऐकलेलं होतं. मीही ऐकलेलं. चहाच्या टपरीवर दोघं तावातावाने भांडत होते आणि संदेश तसं बोललेला.

मी काठी उचलली आणि संदेशच्या तोंडावर मारली. जबडा मोडल्याचा आवाज मला आला. काय मोडलं ते ढोल वाजवणाऱ्याच्या हाताला कळतं. तो केदारवर वाकून पडला, मी परत मारली. मग गाव वर आलं. पोरांनी त्याला जिन्यावरून खाली ओढला. लाथा, विटा, पाइपाचा तुकडा, ज्याच्या हाताला जे लागलं ते. कल्याणच्या चाळीतला पोरगा, आमच्या गावात एकटा. त्याची जात कोणीतरी शिवीसारखी उच्चारली. मी ऐकलं आणि गप्प राहिलो. पोलीस आले नसते तर तो तिथेच मेला असता.

पाच दिवस मी मनातल्या मनात म्हणत होतो, मेला असता तर बरं झालं असतं.

२

इन्स्पेक्टर सुमेधा मॅडम सहाव्या दिवशी घरी आल्या. पन्नाशीची बाई, आवाज कधी वाढवणार नाही, पण समोरचा आपोआप सरळ बसतो.

"केणे, तुमच्या मुलाचं रेकॉर्डिंगचं मशीन आम्ही जप्त केलंय," त्या म्हणाल्या. "त्यावर शेवटचं काम तीन वाजून दहा मिनिटांनी सेव्ह झालंय. म्हणजे तोवर तो जिवंत होता. सव्वाचारला तुम्ही आलात. जे झालं ते ह्या तासाभरात. संदेश बोलायच्या स्थितीत आला की त्याला अटक दाखवावी लागेल. तोवर तुमच्या पोरांना आवरा. त्याच्या चाळीत जाऊन घर पेटवायच्या गोष्टी चालल्यात, माझ्या कानावर आल्यात."

"मॅडम, ते शेवटचं काम मला ऐकायला मिळेल? बाप आहे मी."

त्यांनी जरा विचार केला आणि कॉपी माझ्या फोनवर टाकली. "दुसऱ्या कोणाकडे हे गेलं नाही पाहिजे. पुरावा आहे तो. हे आता फक्त आमच्याकडे आणि तुमच्याकडे."

आता हे काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. केदारला जमैकाच्या गाण्यांचं वेड. तिकडे पद्धत अशी, की एक माणूस ठेका बनवतो, त्याला रिडिम म्हणतात, आणि त्या एकाच ठेक्यावर पाच-दहा गायक आपापलं वेगळं गाणं चढवतात. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, अरे गाढवा, आपल्या हळदीत दुसरं काय होतं? ठेका एक आणि बायका रात्रभर वेगवेगळी गाणी म्हणतात. तो उडालाच! "बाबा, तेच तर!" म्हणाला. आणि आमच्या ढोलाचा ठेका त्या परदेशी बेसखाली घालून त्याने शीळफाटा रिडिम बनवला. नाव का, तर चार बाजूंनी माणसं येतात आणि सगळी एका जागी अडकतात.

चार गायक होते. कल्याणचा संदेश, डोंबिवली पश्चिमेची श्रिया, टिटवाळ्याचा सिद्धेश आणि आमचा सर्वेश. महिन्यापूर्वी ठेका चौघांना फोनवर गेलेला. घरीच गाणं बसवायचं, केदारने बोलावलं की येऊन रेकॉर्ड करायचं.

सुमेधा मॅडम गेल्यावर मी कानाला फोन लावला. तोच ठेका. दुसरं कडवं सुरू झालं, तीन ओळींएवढं वाजलं आणि सगळं थांबलं. ढोल, बेस, सगळं. काहीच नाही. मी फोन हातात घेऊन बघितला. मग आपोआप पाय हलायला लागले आणि मी मोजायला लागलो. बरोबर सोळा झाले आणि ढोलाची एकच थाप पडून ठेका परत उभा राहिला.

मी मोठ्याने रडलो. शेजारच्या बाया धावत आल्या एवढा रडलो.

कारण ते माझं होतं. आमच्या पार्टीचा नियम आहे. वरात जाताना वाटेत सुतकाचं घर आलं, की ढोल बंद. सोळा पावलं गप्प चालायचं, मग एक थाप आणि पुन्हा सुरू. त्या दिवशी सकाळी चहा पिताना मी केदारला म्हटलेलं, तुझा ठेका नुसता धावतो रे, त्याला थांबणं माहीत नाही. आमच्यासारखा थांबवून बघ कुठेतरी. तो कप ठेवून वर गेला. मला वाटलं, ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

ऐकलेलं होतं त्याने.

३

बाराव्याला केदारच्या ठेक्यावर त्याच्या गायकांनी गावं, असं माझ्या मनात आलं. म्हणून श्रियाकडे गेलो. डोंबिवली पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर राहते. मूळची कोकणातली माणसं, आईने लगेच पाणी आणलं. पोरगी शास्त्रीय शिकलेली आहे, पण ह्या ठेक्यावर एवढ्या जोरात गाते की आजूबाजूच्या खिडक्या बंद होतात.

"काका, मी गाईन," ती म्हणाली. "पण संदेशने हे केलंय असं मला वाटत नाही. राग येईल तुम्हाला, तरी बोलते."

राग आलाच. "त्याच्या अंगावर रक्त होतं! डोकं फोडीन म्हणालेला तो, अख्ख्या नाक्याने ऐकलंय!"

"अहो, केदारने ठेक्याचा वेग वाढवायचं काढलेलं म्हणून बोलला तो तसं. त्या दोघांची भाषाच तशी होती. मलासुद्धा संदेश दिवसातून दोनदा मारून टाकीन म्हणतो!" तिने फोन उघडून माझ्यापुढे धरला. "हे बघा. त्या दिवशी दुपारी दीडला केदारने मला पाठवलंय."

मी वाचलं. 'पहिलं गाणं संदेशचंच. चारला बोलावलंय, आल्यावर सांगतो, उडेल तो. एकाला मात्र काढावं लागणार. वाईट वाटेल त्याला. पण बसतच नाही गं आवाज, काय करू.'

मी ते परत वाचलं. चारला बोलावलेला माणूस चारला आला. चांगली बातमी ऐकायला आला. त्याने खून का करावा?

"हे पोलिसांना दाखवलंस?"

"मला कोणी विचारलंच नाही. आणि तुमच्या गावाचे ते व्हिडिओ बघून..." तिने फोन उलटा ठेवला. "भीती वाटली, काका."

मी मान खाली घातली. त्या व्हिडिओत काठी माझ्या हातात आहे.

"तू एकदा गाऊन दाखव," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार? फोनवर ठेका लावला. श्रियाने डोळे मिटले आणि सुरू झाली. दुसऱ्या कडव्यात तीन ओळी झाल्या, ठेका थांबला आणि तिचा आवाज एकटाच पुढे गेला. चौथी ओळ अर्ध्यात सोडून तिने डोळे उघडले.

"फोन आला का कोणाचा? बंद का झालं?"

तेवढ्यात थाप पडून ठेका परत सुरू झाला. ती दचकली. "अय्या! हे कधी घातलं त्याने? माझ्याकडच्यात नाहीये हे."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिच्याकडच्यात नव्हतं. कोणाकडच्यातच नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी ते केदारच्याही डोक्यात नव्हतं. ही थांबण्याची जागा त्या दिवशी दुपारी त्या खोलीत जो कोणी होता त्यालाच माहीत असणार.

"बाई, तू पास झालीस," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही. मी चपला घातल्या आणि तडक टिटवाळ्याला निघालो.

४

काढलेला माणूस म्हणजे सिद्धेश, हे मी वाटेतच ठरवून टाकलं. दुसरा होता कोण? सर्वेशच्या नावाचा तर ह्या गाण्यासाठी गावाच्या नाक्यावर बॅनर लागलेला, त्याच्या फोटोसकट. घरचा पोरगा. त्याचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

सिद्धेश नवीन बिल्डिंगमध्ये टाइल्स बसवायचं काम करतो. सातव्या मजल्यावर, कठडे नसलेल्या ठिकाणी तो मला भेटला. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी.

"हात कसा फुटला?" मी विचारलं. नमस्कारसुद्धा केला नाही.

"टाइल पडली."

"कधी?"

"त्याच दिवशी. केदार गेला त्या दिवशी." तो दुसरीकडे बघत बोलला.

"किती वाजता?"

"तुम्ही पोलीस आहात का?"

बस. मी कॉलर धरली. तो पंचविशीचा, मी एकसष्टचा, पण चाळीस वर्षं ढोल उचललेला आहे. त्याला उघड्या कडेपर्यंत रेटत नेला, खाली सिमेंटच्या गोण्या दिसत होत्या. त्याने डाव्या हाताने माझ्या बरगडीत ठोसा मारला, माझा श्वास अडकला, तरी मी सोडला नाही.

"बोल! नाहीतर दोघंही जाऊ खाली!"

"सोडा! सांगतो, सोडा!" तो रडायलाच लागला. "अंबरनाथला गेलेलो मी. ताईकडे. तिच्या नवऱ्याने तिला बेल्टने मारलं होतं. मी त्याचे दात पाडले. त्याचे दात घुसले हातात. टाके पडलेत बघा! त्याने अजून तक्रार नाही केली, म्हणून मी कोणाला सांगत नाही. शंभर माणसं होती तिथे, विचारा जाऊन!"

मी सोडला. दोघंही धापा टाकत वाळूवर बसलो. त्यानेच मला पाण्याची बाटली दिली.

"केदारने तुला काढलेलं का?"

"मला? त्याच्या दोनच दिवस आधी माझं फायनल झालेलं! का काढेल?"

मी फोन काढला. "गा."

"आता?"

"आता गा म्हणतो ना!"

बिचारा गायला. दुसऱ्या कडव्यात तीन ओळी झाल्या, ठेका थांबला आणि हा आपला हात हवेत नाचवत गातच सुटला. मग भानावर आला. "काका, फोन हँग झाला तुमचा."

त्यालाही माहीत नव्हतं. म्हणजे राहिला परत संदेशच. तो तर खोलीतच सापडलेला. निरोपात लिहिलंय ते खरं, पण आल्यावर काही बिनसलं असेल, पुन्हा भांडले असतील. माझं डोकं परत पेटलं. खरं सांगतो, मला ते हवं होतं. मी ज्याला मारलं तोच खुनी निघावा, एवढंच मला हवं होतं.

टिटवाळ्याहून मी कल्याणच्या हॉस्पिटलात गेलो.

५

दारावर हवालदार होता. त्याने सुमेधा मॅडमना फोन लावला, मी बोललो. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या, "आणि हवालदार आत उभा राहील. तुमचा भरवसा नाही मला."

संदेशला मी ओळखलाच नाही. तोंड सुजून काळंनिळं, जबडा तारांनी बांधलेला, एक पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. पायाशी त्याची आई बसलेली, रंगूबाई. आयुष्यभर लोकांच्या घरची भांडी घासलेली बाई. तिने मला बघितलं आणि उठून माझ्या आणि खाटेच्या मध्ये उभी राहिली.

"अजून मारायचंय? मला मारा आधी," ती म्हणाली.

"मारायला नाही आलो. त्याला केदारचं काम ऐकवायचंय. एकदाच."

ती हलली नाही. मागून संदेशने हात उचलून तिच्या पदराला ओढलं. बोलता येत नव्हतं, पण केदारचं नाव त्याने ऐकलेलं. ती बाजूला झाली, फार नाही, एका हाताच्या अंतरावर.

मी फोन त्याच्या उशाशी ठेवला. ठेका सुरू झाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग खाटेच्या लोखंडी दांड्यावर त्याची बोटं चालू झाली. गाता येत नव्हतं, तर बोटांनी आपलं गाणं वाजवत होता. पहिलं कडवं झालं. दुसरं लागलं. एक ओळ, दोन, तीन.

ठेका थांबला.

त्याची बोटं थांबली नाहीत. टक टक टक करत पुढे गेली आणि एकदम अडखळली. त्याने माझ्याकडे बघितलं, भुवया वर केल्या. काय झालं, असं डोळ्यांनी विचारलं. थाप पडली तसा तो उशीवरच हलला. आणि तारा बांधलेल्या त्या तोंडाने तो हसायला गेला. दोस्ताने काय भारी जागा काढलीय, म्हणून. त्या दुखण्यातसुद्धा!

मी तिथल्या तिथे खाली बसलो. ह्या पोराने केदारला गरम असताना मांडीवर घेतलं, गाडी बोलवा म्हणून ओरडला, आणि मी त्याचं तोंड फोडलं.

हवालदाराने मला उठवलं. बाहेर आल्यावर मी भिंतीला टेकलो. चार गायक. तिघांना माहीत नाही. मला घरी जायची भीती वाटायला लागली.

६

सर्वेश माझ्या धाकट्या भावाचा, तानाजीचा मुलगा. एकाच अंगणात दोन घरं. पाण्याचा टँकर चालवतो. त्या दिवशी दोनपासून चारपर्यंत त्याचा टँकर शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला होता, फोनही तिथेच दाखवत होता, म्हणून पोलिसांनी त्याला दुसरा प्रश्नसुद्धा विचारला नाही.

मी पोचलो तेव्हा सकाळचे अकरा. रात्र मी कल्याण स्टेशनवर काढलेली. तानाजी ओटीवर जाळं विणत होता, खाडी गेली तरी हाताची सवय राहिलेली. सर्वेश टँकर धूत होता.

"सर्वेश, बाराव्याला केदारचा ठेका लावायचाय," मी म्हटलं. "तू ठेका शेवटचा कधी ऐकलास?"

"महिना झाला ना काका. पाठवलेला तेव्हा. नंतर केदारने बोलावलंच नाही."

"वर नाही गेलास?"

"नाही ना. टँकरमधून वेळ कुठे असतो?"

"बरं. गा एकदा. फोनवर लावतो, केदारच्या मशीनमधलाच आहे."

त्याने पाइप खाली ठेवला, हात पुसले. आवाज त्याचा मोठा, हळदीला माइक लागत नाही. गायला लागला. तानाजीची मान डोलायला लागली, लेकाचं कौतुक. मी देवाला म्हणत होतो, चुकू दे. ह्याला चुकू दे. पुढे जाऊ दे ह्याला.

दुसरं कडवं. एक ओळ. दोन ओळी. तिसरी ओळ संपत आली आणि सर्वेशने तोंड मिटलं. ठेका थांबायच्या आधी मिटलं. मग ठेका थांबला. सर्वेशचा उजवा पाय जमिनीवर हळू पडत होता. मीही मोजत होतो. सोळा झाले, थाप पडली आणि थापेबरोबर त्याने चौथी ओळ उचलली. केसभरसुद्धा मागेपुढे नाही.

मी फोन बंद केला.

"थांबायचं कुठे ते तुला कोणी सांगितलं?"

तो हसला. "काय काका! तुम्हीच शिकवलंय. सुतकाचं घर, सोळा पावलं. पार्टीत वाजवलंय ना मी."

"सोळा मी शिकवली. सोळा का ते तुला माहीत आहे, मान्य. पण वरातीत सुतकाचं घर समोर दिसतं, म्हणून आपण थांबतो. ह्या ठेक्यात काय दिसलं तुला? तिसऱ्या ओळीनंतरच का थांबलास? दुसऱ्या का नाही? पहिल्या कडव्यात का नाही? ठेका वाजत होता रे, आणि तू आधी तोंड मिटलंस."

तो ओला पाइप गुंडाळायला लागला.

"तुझ्याकडे महिन्यापूर्वीचा ठेका आहे, त्यात ही जागा नाही. श्रिया चुकली. सिद्धेश चुकला. तो संदेश, त्याची बोटंसुद्धा चुकली. मी सकाळी सांगितलं आणि केदारने तीन वाजून दहा मिनिटांनी ही जागा ठेवून दिली. त्यानंतर सव्वाचारला मी आलो. मधल्या वेळात हे कोणी ऐकलं, सर्वेश?"

तानाजीचं जाळं मांडीवरून घसरलं. "दादा, काय बोलतोस रं तू?"

"त्यालाच विचार. टँकर शीळफाट्यावर होता, फोन टँकरमध्ये होता. हा कुठे होता? तिथून शेतातून पंधरा मिनिटं लागतात."

सर्वेशने मागे हात नेला आणि टँकरचा लोखंडी पाना उचलला.

"मला पाच वेळा गायला लावलं त्याने," तो म्हणाला. आवाज एकदम लहान पोरासारखा. "पाच वेळा! तो थांबा आला की मी पुढे जायचो आणि तो हसायचा. पाचव्यांदा जमलं, काका. आत्ता जमलं तसंच जमलं. तरी नाही म्हणाला. तुझा आवाज ह्यावर बसत नाही म्हणाला. पहिलं गाणं संदेशचं म्हणाला. नाक्यावर माझा बॅनर लागलेला, सगळ्या पोरांनी स्टेटस ठेवलेले. तो मशीनकडे वळला आणि मला पाठ करून म्हणाला, बॅनर उतरवून टाक."

"म्हणून मारलंस? भावाला?"

"मी एकदाच मारला!"

"आणि खाली जाऊन टँकर घेऊन आलास आणि माझ्या हातून त्या संदेशला मारवलंस!" मी त्याच्या अंगावर गेलो. पाना माझ्या खांद्यावर बसला, हाड तुटलं, मी खाली कोसळलो. त्याने परत उचलला, डोक्यावर. तेवढ्यात तानाजी मध्ये आला. पाना बापाच्या कपाळावर बसला आणि रक्त थेट माझ्या तोंडावर उडालं. सर्वेशने ते बघितलं आणि पाना हातातून सोडला. अंगणातच बसला, डोकं गुडघ्यात घालून.

तानाजी रांगत माझ्याजवळ आला. कपाळातून धार लागलेली, ती पुसलीसुद्धा नाही. माझे पाय धरले.

"दादा, एक गेला. दुसरा नको घालवू. मना एकच पोऱ्या हाय. तो चाळीतला तसाही अडकलाय. पोलिसांनी त्यालाच धरलंय. तू फक्त बोलू नको. तुना काय करायला नको, फक्त बोलू नको."

लहानपणापासून मी ह्या भावाला कडेवर, खांद्यावर, पाठीवर वागवलेला. त्याचे हात माझ्या पायांवर होते. मला आयुष्यात एवढा कोणाचा राग आला नाही आणि एवढी दयाही आली नाही.

"तानाजी," मी म्हटलं, "संदेशच्या आईलाही एकच आहे."

डाव्या हाताने मी फोन लावला.

७

सुमेधा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, ठेका दोनदा लावून बघितला, श्रियाचा निरोप वाचला. सर्वेशने सगळं कबूल केलं, केदारच्या खोलीतून खाली उतरताना शर्ट कुठे टाकला तेही दाखवलं.

"आता संदेशच्या मारहाणीचं," त्या म्हणाल्या. "व्हिडिओत बावीस माणसं आहेत. जातीवरून बोललेलंही ऐकू येतंय. ती कलमंही लागतील."

"लावा. बावीसांत पहिलं नाव माझं लिहा. नावं मी सांगतो, एकेक."

गावात त्या दिवसापासून माझ्याशी कोणी बोलत नाही. तानाजीच्या घराने मध्ये पत्रे मारले. वकिलाने मला जामीन मिळवून दिला तो खांदा तुटलेला म्हणून, आणि बाहेर पडलो तो सरळ हॉस्पिटलात गेलो. रंगूबाई बाहेर बाकावर बसलेली. मी उभ्यानेच बोललो, सगळं. कोणी मारलं, का मारलं, मी काय केलं. शेवटी हात जोडता येईनात, एक हात गळ्यात बांधलेला, तर डावाच छातीवर ठेवला.

"माफ करा म्हणायची माझी लायकी नाही," मी म्हटलं.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता थुंकेल, आणि थुंकली असती तर मी पुसलं नसतं.

"तुमच्या माफीचं मी काय करू?" ती म्हणाली. "पाय आता खाली घेतलाय त्याचा, सकाळी उठवून संडासला न्यायला लागतं. माझ्याच्याने उचलत नाही, कंबर गेली माझी. वॉर्डबॉय दहा हाका मारल्यावर येतो. एक हात धड आहे ना तुमचा?"

"आहे."

"मग सकाळी सहाला या. उशीर नको. त्याला ताटकळत ठेवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहालाच पोचलो. संदेश जागा होता. मला बघून त्याचं अंग आक्रसलं, पूर्ण अंग, आणि हात आपोआप तोंडापुढे गेला. रंगूबाईने चादर बाजूला केली. मी खाटेजवळ वाकलो आणि धड हात त्याच्या पाठीखाली घातला. तो थरथरत होता. मी तसाच थांबलो. बऱ्याच वेळाने त्याने आपला हात माझ्या मानेभोवती टाकला, आणि मी त्याला उचलला.